काट्यावर शिक्का हवा

खऱ्या शेऱ्यासाठी एकत्र आलेल्या छोट्या धंदेवाल्यांचा आणि त्यांच्या गिऱ्हाइकांचा जाहीरनामा

किराणावाल्याच्या, मिठाईवाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्याची दर वर्षी तपासणी होते. वजनमापे खात्याचे निरीक्षक प्रमाणित वजनं ठेवून बघतात, काटा बरोबर निघाला तर शिक्का मारतात आणि दाखला देतात. तो दाखला गिऱ्हाइकाच्या नजरेला पडेल असा लावायचा असतो. मुदत संपलेला काटा वापरला तर दंड होतो. याबद्दल आमची तक्रार नाही. मापात पाप करणारा आपल्याकडे चोराहून हलका मानला जातो, आणि तसाच मानला जावा.

पण आज प्रत्येक छोट्या धंद्याला आणखी एका काट्यावर चढावं लागतं. तो पाच ताऱ्यांचा काटा आहे. दारात आलेलं गिऱ्हाईक तो बघून आलेलं असतं, आणि जे आलंच नाही तेही तोच बघून आलेलं नसतं. त्या काट्यावर कोणी काय ठेवलं, ठेवणारा आमच्या दुकानाची पायरी तरी चढला होता का, हे आम्हाला कळायला मार्ग नाही. हे तारे दाखवणाऱ्या कंपन्या त्यांच्या यंत्रांनी काही खोटे शेरे गाळतात. ते गाळणं कोणत्या चाळणीतून होतं ते दिसत नाही, आणि त्या चाळणीवर बाहेरच्या कोणाचा शिक्का नसतो.

तो शिक्का मागण्यासाठी आम्ही एकत्र आलो आहोत.

आम्ही म्हणजे खाणावळी आणि मेस चालवणाऱ्या बायका, कोकणात घराच्याच दोन खोल्यांत निवास-न्याहारीची सोय केलेली कुटुंबं, शिलाईवाले, मोबाइल आणि मिक्सर दुरुस्त करणारे, पार्लरवाल्या, सलूनवाले, पोळीभाजी केंद्रवाल्या, गॅरेजवाले, शिकवण्या घेणारे. आमच्याकडे जाहिरातीसाठी वेगळा माणूस नाही. बहुतेकांचं रेटिंग मुलगी किंवा भाचा बघतो, तेही रात्री दुकान बंद झाल्यावर. आमच्याबरोबर गिऱ्हाइकंही आहेत. खोट्या ताऱ्यांवर विसंबून लेकराबाळांसह रात्री अकराला भलत्याच लॉजवर पोचलेली, फोनमधल्या नकाशावर ४.९ दिसणाऱ्या क्लासमध्ये वर्षाची फी भरून बसलेली. त्यांचं नुकसान आमच्यापेक्षा कमी नाही, म्हणून ही चळवळ एकट्या दुकानदारांची नाही.

आधी एक गोष्ट स्वच्छ सांगायची आहे. आम्हाला शेरे हवे आहेत. आम्ही शेऱ्यांच्या विरोधात उभे राहिलो असतो तर ते आमच्याच मुळावर आलं असतं. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मायकल लुका यांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरातल्या उपाहारगृहांचा अभ्यास मांडला. येल्प या संकेतस्थळावर एक तारा वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं, असं त्यांना आढळलं. आम्हाला त्याहून महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. हा परिणाम एकेकट्या, स्वतंत्र उपाहारगृहांवर होता. मोठ्या साखळ्यांवर तो दिसलाच नाही. कारण समजायला अवघड नाही. साखळीच्या हॉटेलात काय मिळणार हे पाटी बघूनच ठाऊक असतं. आमच्या आमटीची चव पाटीवरून कळत नाही, ती जेवून गेलेल्या माणसाने दुसऱ्याला सांगावी लागते. शेरा ही आमची एकमेव जाहिरात आहे. ती खोटी पडली तर मोठ्यांचं फारसं अडत नाही. आमचं दुकान बसतं.

बसतं कसं, ते साध्या गणितात बघा. नवी खाणावळ सुरू झाली, दहा शेरे आले. नऊ जणांनी पाच तारे दिले आणि एकाने एक. सरासरी ४.६ झाली. ती ४.९ वर न्यायची तर पाच ताऱ्यांचे आणखी ३० शेरे मिळवावे लागतात. रोज चाळीस पानं उठणाऱ्या आमच्यातल्या एका खाणावळीत महिन्याकाठी दोन-तीन माणसं काही लिहितात. समाधानाने जेवलेला माणूस हात धुऊन, बडीशेप तोंडात टाकून निघून जातो. म्हणजे एका ताऱ्याची भरपाई करायला वर्ष लागणार. ज्या हॉटेलाला दोन हजार शेरे आहेत त्याला तोच एक तारा पडला तर आकडा हलतसुद्धा नाही. वजन तेच, काटाही तोच, पण एकाला ओरखडासुद्धा उठत नाही आणि दुसऱ्याचं वर्ष जातं.

तो एक तारा खरा असेल तर आम्ही तो सोसू. भात कच्चा राहिला असेल, ब्लाउज उसवला असेल, दुरुस्त केलेला मिक्सर तिसऱ्या दिवशी बंद पडला असेल, तर तो तारा आमच्याच कर्माचा आहे. पण आमच्या बैठकांत प्रत्येकाने आपला फोन उघडून एक ताऱ्याचे शेरे वाचून दाखवले, तेव्हा जे बाहेर आलं ते वेगळं होतं. सोमवारी बंद, असं पाटीवर आणि नकाशावर दोन्हीकडे लिहिलेलं असताना सोमवारी येऊन परत गेलेल्याने दिलेला तारा. पार्सल घेऊन निघालेला मुलगा पावसात अडकला, आमटी गार झाली, म्हणून खाणावळीला तारा. त्याच नावाचं दुसऱ्या गावातलं दुकान समजून दिलेला तारा. मालवणकडच्या एका घरी जुलैत उतरलेल्या पाहुण्याने ताजी सुरमई मिळाली नाही म्हणून तारा दिला. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. मासळीच्या विणीचा तो काळ असतो आणि होड्या वर ओढलेल्या असतात. त्या घरच्या वहिनींनी सुक्या बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी वाढली होती. बंदीत मासे आणून वाढले असते तर पाच तारे मिळाले असते, आणि ते त्यांनी केलं नाही, याचा अभिमान आम्हा सगळ्यांना आहे.

सगळ्यांत जास्त त्रास देणारा तारा मुका असतो. त्याखाली एक शब्द नसतो. कधी, कशाबद्दल, काय चुकलं, काही नाही. नाव ओळखीचं नसतं. ‘दादा, काय कमी पडलं ते सांगा’ असं लिहावं तर उत्तर येत नाही. तो बाकी असलेल्या उधारीचा राग आहे, समोरच्या दुकानदाराचा पुतण्या आहे, की खरोखरच शिळी पोळी मिळालेला विद्यार्थी आहे, हे कळायला मार्ग नसतो. विद्यार्थी असेल तर आम्हाला त्याची माफी मागायची आहे. तीही मागता येत नाही.

याच्या पुढची पायरी धमकीची आहे. आमच्यातल्या तिघांना आधी एक तारा आणि मग निरोप आला, की काढून टाकायचा असेल तर अमुक रक्कम पाठवा. चौघांकडे कॅमेरा घेऊन माणसं आली. जेवण फुकट द्या नाहीतर बघा काय लिहितो ते, असं तोंडावर म्हणाली. पोलिसांत जावं तर पुरावा काय, हा प्रश्न येतो. आणि जमावाचे तारे तर साथीसारखे पसरतात. दुकानात झालेल्या एखाद्या भांडणाची चित्रफीत फिरते, कोणीतरी मालकाचं आडनाव, धर्म किंवा भाषा शोधून काढतो, आणि रात्रीतून शेकडो एक-तारे पडतात, ज्या शहरांतून आमच्याकडे कधी कोणी आलेलं नाही अशा शहरांतून. आम्ही मराठी माणसं आहोत आणि इथे एक गोष्ट ठामपणे बोलतो. मराठीच्या नावानेही हे चालणार नाही. दुकानदार आपल्या भाषेचा मान ठेवत नसेल तर त्याला समोर जाऊन सांगायला तोंड आहे, कायदा आहे. न खाल्लेल्या जेवणाला वाईट म्हणणं म्हणजे खोटी साक्ष, मग ती कोणाच्याही बाजूने दिलेली असो.

साक्ष हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरतो. शेरा म्हणजे मत नव्हे. मत कोणाचंही, कशाबद्दलही असू शकतं. शेरा म्हणजे ‘मी तिथे होतो, माझ्या बाबतीत असं घडलं’ असं चारचौघांत सांगणं. साक्षीदार हजर असावा लागतो. त्याने आपलं पाहिलेलं सांगायचं असतं, ऐकीव नाही. ज्याच्याविरुद्ध तो बोलतो त्याला उलट विचारायची संधी मिळावी लागते. आणि ज्यांच्यासमोर साक्ष होते त्यांना साक्षीदार किती भरवशाचा आहे, याचा अंदाज यावा लागतो. आठवडी बाजारात हे सगळं आपोआप होतं. अमक्या काकूंना कोणाचंच लोणचं आवडत नाही, हे बाजाराला ठाऊक असतं, त्यामुळे त्यांच्या नाक मुरडण्याने लोणचंवाली बुडत नाही. पडद्यावरच्या शेऱ्यातून माणूस गळून पडतो आणि तारा तेवढा उरतो.

तरीही त्या जुन्या बाजाराचे गोडवे गाणं आम्हाला मान्य नाही. तोंडी कीर्ती सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नव्हती. कोणाच्या हातचं खायचं हे आडनावावरून ठरत होतं, अजून पुष्कळ ठिकाणी ठरतं. आमच्यात अशा ताई आहेत ज्यांच्या दारात गावातलं कोणी जेवायला आलं नसतं. महामार्गावरून जाणारे अनोळखी लोक तारे बघून थांबले, जेवले, चांगलं लिहून गेले, आणि त्या लिहिण्याने त्यांच्या घरावर पत्रा चढला. म्हणून आम्हाला मागे जायचं नाही. जे दार उघडलं ते उघडंच राहायला हवं, फक्त त्यातून चोर आत यायला नकोत.

आता आमच्या स्वतःच्या घराचा केर.

हा मजकूर ज्यांनी लिहायला घेतला त्यांतल्या एकीने खाणावळ उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात नागपूरच्या मामेभावाला आणि बंगळूरच्या नणंदेला फोन करून पाच-पाच तारे टाकायला सांगितले. ‘अगदी घरच्यासारखं जेवण,’ असं नणंदेने लिहिलं. त्या खाणावळीत तिने आजवर पाऊल ठेवलेलं नाही. दुसऱ्याने पाच तारे दाखवणाऱ्याला दहा टक्के सूट देणारी पाटी गल्ल्यावर लावली. तिसऱ्याने पैसे भरून पन्नास शेरे विकत घेतले. चौथ्याची पद्धत जास्त हुशारीची होती. काम आवडलं का, असं तो आधी विचारायचा, हो म्हणणाऱ्याच्या हातात क्यूआर कोड द्यायचा आणि नाही म्हणणाऱ्याला गोड बोलून वाटेला लावायचा. यातलं प्रत्येक काम मापात पापच आहे. समोरचा करतो म्हणून आम्ही केलं, हे खरं आहे, पण ती सबब काटा मारणारा प्रत्येक दुकानदार वजनमापेवाल्यांना सांगत आला आहे.

हे पाप कुठवर जातं, त्याचं एक उदाहरण लंडनमध्ये घडलं. ऊबा बटलर हा तरुण लेखक पूर्वी दहा-दहा पौंड घेऊन उपाहारगृहांसाठी खोटे शेरे लिहीत असे. २०१७ मध्ये त्याने डलिच भागातल्या आपल्या परसातल्या शेडला उपाहारगृह म्हणून शेऱ्यांच्या संकेतस्थळावर, ट्रिपअ‍ॅडव्हायझरवर नोंदवलं आणि मित्रांकडून शेरे लिहून घेतले. तिथे एकही ताट वाढलं गेलं नव्हतं. काही महिन्यांत ती शेड लंडनमधल्या अठरा हजारांहून जास्त उपाहारगृहांत पहिल्या क्रमांकावर गेली. त्या अठरा हजारांत किती घरं पहाटे उठून चुली पेटवत होती, याचा विचार आमच्या मनातून जात नाही.

आपल्याकडे या खोट्या ताऱ्यांना आणखी एक बाजू आहे. घरबसल्या काम, हॉटेलांना पाच तारे द्या, प्रत्येक ताऱ्याला पन्नास रुपये, असे निरोप बेरोजगार पोरांना आणि गृहिणींना येतात. पहिल्या दिवशी दोनशे रुपये खरोखर खात्यात पडतात. मग मोठ्या ‘टास्क’साठी आधी पैसे भरायला सांगतात आणि बघता बघता लाखो रुपये जातात. पुण्या-मुंबईच्या सायबर पोलिसांकडे अशा तक्रारींचा ओघ आहे. त्या पोरांनी दिलेले तारे कुठल्या तरी हॉटेलाच्या नावावर मागे राहतात. खोट्या ताऱ्याने ग्राहक फसतो, प्रामाणिक शेजारी दुकानदार बुडतो, आणि तो तारा देणारासुद्धा लुबाडला जातो.

म्हणून या चळवळीत येणाऱ्या प्रत्येक धंदेवाल्याची शपथ मागण्यांच्या आधी येते. मी शेरा विकत घेणार नाही आणि शेऱ्याच्या बदल्यात सूट, गुलाबजाम, काहीही देणार नाही. नातेवाइकांकडून, नोकरांकडून लिहून घेणार नाही. शेजाऱ्याच्या दुकानाला खोटा तारा देणार नाही, देऊ देणार नाही. शेरा लिहा असं सांगायचं तर समाधानी आणि नाराज, दोघांनाही सारखंच सांगेन. वाईट लिहिणाऱ्या गिऱ्हाइकाला फोन करून दमदाटी करणार नाही, वकिलाची नोटीस धाडणार नाही, त्याच्या घरचा पत्ता शोधणार नाही. हे शेवटचं कलम आम्ही मतदानाने नाही, सगळ्यांच्या होकाराने घातलं. गावातल्या बड्या धेंडाच्या मंगल कार्यालयात अन्न खराब होतं, असं लिहिण्याची हिंमत एखाद्या शिक्षिकेने केली तर तिला संरक्षण मिळायला हवं. अमेरिकेने २०१६ मध्ये कायदाच केला, की ग्राहकाने वाईट शेरा लिहू नये अशी अट करारात घालता येणार नाही. खरा वाईट शेरा पुसण्याचा हक्क आम्ही मागत नाही. कोणी तो हक्क मागत असेल तर तो आमच्यातला नाही.

आता कंपन्यांकडे आमचं मागणं.

लिहिणारा खरोखर आला होता का, हे तपासा. आजकाल चहाचे दहा रुपयेसुद्धा क्यूआर कोडवर दिले जातात. पैसे दिल्याची खूण शेऱ्याला जोडता येणं अवघड नाही. रोख देणाऱ्यासाठी बिलावरचा क्रमांक आहे. मात्र बिल देणं दुकानदाराच्या हातात असतं, आणि नाराज गिऱ्हाइकाला तो बिलच देणार नाही, ही शंका आमच्या बैठकीत एका ग्राहक ताईंनी काढली. ती रास्त आहे. म्हणून बिल नसलेल्याचं तोंड बंद करू नका. त्याचा शेरा छापा, पण ‘भेट पडताळलेली नाही’ असं त्यावर लिहा आणि तो सरासरीत धरू नका. तपासलेल्या माणसाचं नाव जगाला दाखवायची गरज नाही. ते तुमच्यापाशी असलं तरी पुरे, साक्षीदाराची ओळख जपणं हे न्यायाचंच काम आहे.

थोड्या शेऱ्यांवर दशांशाचा आकडा छापू नका. दहा माणसांच्या बोलण्यावरून ४.६ म्हणणं म्हणजे धान्याच्या काट्यावर सोनं तोलणं आहे. तीस शेरे होईपर्यंत ‘अजून शेरे थोडे आहेत’ एवढंच लिहा. पाच वर्षांपूर्वीच्या आचाऱ्याचं पाप आजच्या आचाऱ्याच्या माथी मारू नका. जुन्या शेऱ्याचं वजन कमी होत गेलं पाहिजे. उशिरा पोचवणाऱ्याचे तारे वेगळे आणि रांधणाऱ्याचे वेगळे ठेवा. एका रात्रीत शेकडो तारे पडले तर दार तात्पुरतं बंद करून कोण, कुठून ते बघा. आणि जाहिरातीचे पैसे भरणाऱ्याच्या ताऱ्यांना त्याचा काही फायदा होत नाही, हे लेखी द्या, बाहेरच्या तपासनिसाला बघू द्या. वजनमापे खात्याची तपासणी आम्ही करून घेतो ना, तशीच.

आमच्या तक्रारीला माणसाने उत्तर द्यावं, आणि ते मराठीत असावं. आज ‘हा शेरा धोरणाचा भंग करत नाही’ एवढ्या एका ओळीवर विषय संपतो. तीही बहुतेक वेळा इंग्रजीत असते. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी कंपन्यांना तक्रार निवारण अधिकारी नेमायला लावला. तक्रारीची पोच २४ तासांत आणि निकाल ठरावीक मुदतीत, असं त्यात आहे. निकाल म्हणजे कारणासह निकाल, असं आम्ही समजतो. आमच्या एका पार्लरवाल्या ताईंना त्यांच्या जातीवरून मराठीत शिवी घातलेला शेरा चार महिने तसाच होता, कारण ती शिवी यंत्राला शिवी वाटली नाही.

सरकारकडे मागणं थोडक्यात आहे, कारण कागद बऱ्यापैकी तयार आहेत. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन ग्राहक-अभिप्रायांसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक आणलं. लिहिणाऱ्याची पडताळणी कशी करावी, शेरे कसे गोळा करावेत, गाळावेत, छापावेत, सगळं त्यात आहे. आणताना ते ऐच्छिक ठेवलं. काटा तपासणं दुकानदाराच्या मर्जीवर सोडलं असतं तर किती काटे तपासले गेले असते? ते मानक बंधनकारक करा, आणि वस्तू विकणाऱ्या संकेतस्थळांइतकंच नकाशांना, जेवण पोचवणाऱ्यांना, खोल्या आरक्षित करणाऱ्यांना लागू करा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत विक्रेत्याने ग्राहकाचं सोंग घेऊन शेरे लिहू नयेत असं आहे. जो दुकानदार नाही पण शेऱ्यांचाच धंदा मांडून बसला आहे, त्याच्यापर्यंत हात पोचवा. अमेरिकेत खोटे शेरे विकणं आणि विकत घेणं या दोन्हींवर दंडाचा नियम २१ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला, ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ पासून. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आहे, फसव्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड करायचा अधिकार त्याला आहे. विकत घेतलेला शेरा ही फसवी जाहिरात नाही तर काय आहे?

आणि एक जागा आम्हाला हवी आहे, दाद मागायची. फसलेल्या गिऱ्हाइकाला १९१५ हा हेल्पलाइनचा नंबर आहे, जिल्हा ग्राहक आयोग आहे. खोट्या शेऱ्याने बुडालेल्या दुकानदाराला यातलं काही उपयोगी पडत नाही. नकाशावरची नोंद फुकट असते, पैसे मोजलेले नसतात, म्हणून त्या कंपनीचे आम्ही कायद्याच्या अर्थाने ग्राहक ठरत नाही. उरतो तो अब्रुनुकसानीचा दावा. तो कोणावर लावायचा, नाव तर ठाऊक नाही. लावला तरी दिवसाला आठशे रुपये सुटणाऱ्या माणसाने कोर्टाच्या किती तारखा करायच्या?

गिऱ्हाइकांना आम्ही काही मागण्याआधी त्यांची परंपरा आम्हाला ठाऊक आहे, हे सांगायला हवं. बिंदुमाधव जोशींनी पुण्यातून ग्राहक पंचायतीचं काम उभं केलं, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. दहा-वीस घरं मिळून एक संघ करतात, महिन्याचं सामान एकत्र मागवतात आणि आपल्या हातांनी वाटून घेतात. त्या वाटपात माल समोर असतो. डाळ हातात घेऊन, दाताखाली धरून तिच्याबद्दल बोललं जातं. शेरा कसा असावा, हे आम्ही त्यांच्याकडूनच शिकतो आहोत. तेव्हा काही चुकलं तर शक्य असेल तिथे आधी गल्ल्यावर बोला. ऐकलं नाही तर जरूर लिहा, पण काय खाल्लं, कोणत्या वारी, काय चुकलं ते लिहा. राग आला असेल त्या रात्री नको, दुसऱ्या दिवशी लिहा. आणि चांगलं जेवलात तरी लिहा. तुमच्या गप्प राहण्यानेच त्या एका मुक्या ताऱ्याला एवढं वजन येतं.

ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली तो दिवस २४ डिसेंबर १९८६. तोच दिवस आम्ही आमच्या कामाचा दिवस धरला आहे. दर वर्षी २४ डिसेंबरला प्रत्येक जण वर्षभरातले आपले सगळ्यांत वाईट पाच शेरे आणि त्यांवर काय केलं ते कागदावर लिहून दुकानाबाहेर लावेल. खोटे वाटलेले शेरेही त्यात येतील, कारणासह. वाचणाऱ्याने ठरवावं.

सभासद व्हायला वर्गणी नाही. गल्ल्याशेजारी एक वही ठेवायची, एसटीतल्या तक्रार पुस्तकासारखी, पानांवर क्रमांक घातलेली, एकही पान न फाडता. फोन नसलेल्या, टाइप न येणाऱ्या माणसालाही तिच्यात लिहिता येईल. वही ठेवण्याआधी एकच काम करायचं. नातेवाइकांना, मित्रांना, नोकरांना फोन करून त्यांनी लिहिलेले शेरे त्यांच्याच हातांनी काढायला लावायचे. विकत घेतलेले असतील तर कंपनीला कळवून ते काढायला लावायचे. मग आधी किती तारे होते आणि आता किती उरले, हे दोन्ही आकडे वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालून लिहायचे आणि खाली सही करायची. नागपूरच्या मामेभावाला आणि बंगळूरच्या नणंदेला काल रात्री फोन झाले. आमच्या पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर ४.८ आणि ४.५ असं लिहिलेलं आहे.